नाव खोडलेल्या चिठ्ठ्या

॥ श्री ॥
हॅरो, २४ एप्रिल २००२

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. या वेळी चुका फक्त अकरा निघाल्या, म्हणून लाल पेन लवकर डब्यात गेलं. फोनवर तू इंग्रजी फाडतेस ते फाड, पण पंधरवड्याचं मराठी पत्र चुकवायचं नाही हा आपला करार तू लग्नानंतरही पाळतेस, याचं मला फार बरं वाटतं. ऑलिव्हिएरावांना सांग, त्यांनी पाठवलेलं चीज फ्रीजमध्ये आहे आणि फ्रीज आता बाल्कनीत ठेवावा म्हणते.

थट्टा पुरे. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तुमच्याकडचा निकाल दाखवला तेव्हा मी कणीक मळत होते. तुमचा पंतप्रधान पहिल्याच फेरीत बाद, आणि अध्यक्षपदासाठी उरलेल्या दोघांत कोण, तर परक्यांना हाकला म्हणणारा तो म्हातारा! बाई गं, माझे हात कणकेतच थिजले. तू म्हणशील, आई, मी फ्रेंच नागरिक आहे, माझ्याकडे कागद आहेत. अगं, कंपालात आमच्याकडेही कागद होते. ब्रिटिश पासपोर्ट होता, मालमत्ता होती, तुझ्या आजोबांचं, आप्पांचं, एवढं नाव होतं. बहात्तर साली तिथल्या हुकूमशहाने हाकललं आणि नव्वद दिवसांत सगळं तिथे टाकून आलो. तुझ्या पद्माकरमामाच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत, ते का हे तू जाणतेस.

तेव्हा माझं ऐक. महिनाभर तनूला घेऊन इकडे ये. शाळा बुडली तर बुडू दे, सहा वर्षांच्या मुलीचं काय बुडणार आहे? आणि मीटिंगांना, मोर्चांना जाऊ नकोस. कुठे सही करू नकोस. नाव कुठे छापून येऊ देऊ नकोस. एवढं एक माझं ऐक.

तुझ्या पत्राची वाट पाहते आहे, फार लांबवू नकोस.
तुझी,
आई


११ मे २००२

ती. आईला,
साष्टांग नमस्कार.

आई, घाबरू नको. पाच तारखेला तो हरला. शंभरातले ब्याऐंशी लोक त्याच्या विरुद्ध. ऑलिव्हिएला आयुष्यात पहिल्यांदा उजव्या माणसाला मत द्यावा लागला, तर तो नाकाला कपडे वाळत घालायची क्लिप लावून गेला. तनू अजून हसते आहे.

आता न्यूज. बसून वाच. जूनमध्ये पार्लमेंटची इलेक्शन आहे. इथे प्रत्येक उमेदवाराबरोबर एक बदली उमेदवार असतो. मेन माणूस मेला किंवा मंत्री झाला तर बदलीवाला त्याच्या सीटवर बसतो. आमचे खासदार मस्यू ब्रुनेल, मी फ्रेंच झाले तेव्हा टाउनहॉलमध्ये मला गुलाब देणारे, ते घरी आले आणि त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. सोमवारी फॉर्म भरणार. ते मरतील असं वाटत नाही, रोज सायकल चालवतात. आणि मंत्री तर होणारच नाहीत, कारण पाच वर्षं राज्य केलेली आमची पार्टी आता आपटणार असं सगळे म्हणतात. So it’s quite safe!

मी हो का म्हटलं ते सांगते. एप्रिलच्या त्या रविवारी मी बेकरीत उभी होते. माझ्या पुढच्या बाईने, जिच्या मुलाला मी शाळेत इंग्रजी शिकवते, मला बघून नजर खाली केली. तिने कोणाला मत दिलं ते मला कळलं. तेव्हा मला तो भीती वाटला, तू सांगतेस तो. मग मला वाटलं, लपले तर तो भीती रोज माझ्याबरोबर ब्रेड आणायला येणार.

इथे मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी छापतात. पाहिजे ती उचलायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. त्यांच्या नावाखाली माझं नाव असेल, चैत्राली खांबेटे. ऑलिव्हिएचं आडनाव, मार्तं, नाही लावलं. बाबा असते तर खूश झाले असते ना?

रागवू नको, आणि लवकर लिही.
तुझी,
चैत्राली


॥ श्री ॥
हॅरो, १८ मे २००२

ती. पद्माकरदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने काय दिवे लावले ते कळलंच असेल. छापून येऊ नको म्हटलं तर ही बया मतदानाच्या चिठ्ठीवरच छापून येते आहे! तेही माहेरच्या नावाने. मार्तं लावलं असतं तर निदान कुणाच्या डोळ्यांवर आलं नसतं. फोनवर मी खूप बोलले. ती शांतपणे म्हणाली की फॉर्म भरला. मी फोन आपटला. गेल्या आठवड्यात लाल पेन हातातसुद्धा घेतलं नाही, यावरून ओळख.

दादा, मला झोप नाही. तिच्या त्या दक्षिणेकडच्या गावांत दर चौथा-पाचवा माणूस त्या म्हाताऱ्याचा आहे. आणि इथे तरी काय? आत्ताच्या कौन्सिलच्या निवडणुकीत बर्नलीत तसल्याच पक्षाचे तीन निवडून आले. लायब्ररीत माझ्याबरोबरची बाई म्हणाली, बर्नली कुठे, हॅरो कुठे. कंपालातही आपण असंच म्हणत होतो, कुठले ते सैनिक आणि कुठले आपण. मग मुदत वाढवून मागणाऱ्या त्या सात जणांच्या अर्जावर तू सही केलीस, पेपरात तिसरं नाव तुझं आलं, आणि चौथ्या दिवशी तू घरी आला नाहीस. ते तीन दिवस मी विसरलेले नाही. ज्याचं नाव छापलं जातं तो आधी उचलला जातो, हे मी तेव्हा शिकले.

म्हणून तुझ्याकडे दोन मागण्या. एक, तू तिला लिही. तुझं ती ऐकते. अजून नाव काढून घेता येत असेल तर काढ म्हणावं. तुझ्या बोटांबद्दल लिही हवं तर.

दुसरी मागणी अशी की मला हसू नकोस. मी अंबाबाईला नवस बोलले आहे. तू परत यावास म्हणून तेव्हा बोलले होते आणि कोल्हापूरला जाऊन फेडला होता, तसाच. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे उभी राहून सांगितलं, आई, हिला पाड. काठावर नको, दणकून पाड, म्हणजे पुन्हा कुणी हिला विचारायला येणार नाही. हिच्याच हातून तुझी खणानारळाने ओटी भरीन. सख्ख्या मुलीच्या पराभवाचा नवस! माझी मलाच लाज वाटते. पण दादा, लाज परवडली.

वहिनींना नमस्कार. गुडघे कसे आहेत त्यांचे?
तुझ्या मायेवर विसंबलेली,
मधू


३० मे २००२

ती. मामाला,
साष्टांग नमस्कार.

मामा, हे आईला सांगायचं नाही. प्रॉमिस.

आमच्या प्रचाराचं पत्रक निघालं, त्यावर मस्यू ब्रुनेल आणि मी, दोघांचे फोटो. मंगळवारी तसलंच एक पत्रक आमच्या लेटरबॉक्समध्ये होतं. त्यातून माझं नाव ब्लेडने कापून काढलं होतं. फक्त नाव. फोटोला काही नाही, शिवी नाही, काहीच लिहिलेलं नाही. नीट पट्टी लावून कापलेली चौकट. तनूला ते आधी मिळालं. तिने त्या भोकातून बोट घातलं आणि मला विचारलं की तुझं नाव कुठे गेलं.

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

पोलिसांना दिलं. ते म्हणाले की कोणी कागद कापला तर तो गुन्हा होतो का ते बघावं लागेल. रात्री फोन येतो, उचलला की कोणी बोलत नाही. ऑलिव्हिए म्हणतो की तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे. मस्यू ब्रुनेल म्हणाले की फॉर्म भरायची मुदत संपली, आता नाव बदलता येत नाही, पण मी प्रचाराला आले नाही तर ते समजतील. मी जाते. पण मामा, मार्केटमध्ये लोक हात मिळवतात तेव्हा मी त्यांची बोटं बघते. वाटतं, ब्लेड यांनी धरलं होतं का?

आईला वाटतं की मी धीट आहे. मी नाही. तुम्ही कसं केलं त्या तीन दिवसांत? तुम्ही कधीच बोलत नाही. आई सारखी म्हणते की नाव छापलं म्हणून मामाला धरलं. खरंच तसं आहे का? मला कळायला पाहिजे.

मामीला नमस्कार. मला दोन ओळी तरी लिहा.
तुमची,
चैत्राली


॥ श्री ॥
ब्रिस्टल, ५ जून २००२

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

काल ज्युबिलीची रस्त्यावरची पार्टी झाली. तुझ्या वहिनीने साठ बटाटेवडे केले, गुडघे दुखतात म्हणत म्हणत. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी सात खाल्ले आणि राणीच्या नावाने आणखी दोन. आता मुद्द्यावर येतो.

मला तुम्हा दोघींच्या मधला पोस्टाचा डबा करून ठेवला आहे. चैत्रालीने मला काही कळवलं आहे, ते तुला सांगणार नाही. तुझा नवस तिला सांगणार नाही. पण तिने एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर तिच्याआधी तुला द्यायला हवं. तीस वर्षं थांबलो, ती चूक झाली. आप्पांनी शपथ घातली होती. ते जाऊनही आता अकरा वर्षं झाली, तेव्हा शपथ मोडतो.

त्या अर्जावर सात सह्या होत्या. नावं छापून आली, त्यानंतर कुणीही कुणाला विचारायला आलं नाही. बाकीचे सहा जण सुखरूप विमानात बसले. पिंगळे अजून लेस्टरला आहे, विचार त्याला. घाबरले ते आप्पा. दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी त्यांनीच मला अर्ज लिहून दिला, माझं नाव चुकून आलं आहे, ते खोडावं, असा. आणि तो द्यायला सरकारी ऑफिसात पाठवलं. तिथे दारावरच्या सैनिकाला पेपराचं काही माहीतसुद्धा नव्हतं. त्याने अर्ज वाचला आणि विचारलं की असं काय केलंस म्हणून नाव खोडायचं आहे? मला उत्तर देता येईना. त्यावर मला आत घेतलं. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हा मधू, मी धरला गेलो तो नाव छापलं म्हणून नाही. खोडायला गेलो म्हणून. आप्पांना हे सहन झालं नाही, म्हणून मी गप्प राहिलो. तू त्यावरून सगळ्यांना नाव लपवायला शिकवत राहिलीस आणि मी ऐकत राहिलो. भित्रा माणूस असाच असतो.

म्हणून तिला नाव काढ असं मी लिहिणार नाही. भीती मलाही आहे. रोज संध्याकाळी फ्रान्सच्या बातम्या लावतो आणि वहिनी ओरडते. नवसाबद्दल हसलो नाही, फक्त अंबाबाईचं मला वाईट वाटलं. दोन्हीकडून ओढाताण आहे बिचारीची.

माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तर फार दिवस धरू नकोस.
तुझा,
दादा


॥ श्री ॥
हॅरो, १२ जून २००२

ती. पद्माकरदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. आप्पांवर रागावू की तुझ्यावर, ते ठरत नाही. त्यामुळे आत्तापुरती तुम्हा दोघांवर रागावले आहे. तीस वर्षं, दादा!

रविवारी पहिली फेरी झाली. देशभर त्यांच्या पक्षाची दाणादाण आहे, पण आपली पोरगी आणि तिचे सायकलवाले ब्रुनेल दुसऱ्या फेरीत आले आहेत. सोळा तारखेला निकाल. मी देवळातल्या गुरुजींना फोन करून विचारलं की बोललेला नवस परत घेता येतो का. ते म्हणाले, नवस कशाचा आहे त्यावर आहे. आता ते मी कोणत्या तोंडाने सांगू? मग घरीच देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. म्हटलं, आई, मी चुकले, नाही पाडलंस तरी ओटी भरीन. पण खरं सांगते, तसं म्हणताना जीभ अडखळली. अजूनही आतून वाटतं की पडावी आणि सुटावी. देवीने माझं कुठलं बोलणं खरं मानायचं?

काल फ्रान्सची फुटबॉल टीमही एक गोल न करता वर्ल्डकपमधून घरी गेली. माझा हात तिथवर पोचला नसावा.

तुझी हट्टी बहीण, तिला विसरू नकोस,
मधू


१८ जून २००२

ती. आईला,
साष्टांग नमस्कार.

आई, आम्ही हरलो. फोनवर तू रडलीस म्हणून नीट सांगता आलं नाही.

पार्टी सगळीकडे पडली. जागा जवळजवळ निम्म्यावर आल्या, मोठे मोठे मंत्रीही पडले. टीव्हीवर लोक भिंतीला टेकून रडत होते. पण आमचं वेगळं झालं. आम्ही फक्त एक्काहत्तर मतांनी हरलो.

इथे मत मोजणं सगळ्यांसमोर होतं. टाउनहॉलमध्ये टेबलं लावतात, गावातलीच माणसं पाकिटं उघडतात, चिठ्ठी काढून नाव मोठ्याने वाचतात. मी टेबलाजवळ उभी होते. ब्रुनेल, ब्रुनेल, मग दुसरं नाव, मग ब्रुनेल. मग वाचणारी बाई थांबली. तीच, बेकरीतली. तिने चिठ्ठी शेजारच्याला दाखवली. मस्यू ब्रुनेलचं नाव तसंच होतं, खाली माझं नाव पेनने खोडलेलं.

कायदा असा आहे की चिठ्ठीवर काहीही लिहिलं, खोडलं, तर ती बाद. त्या लोकांना ते पाहिजे होते, मी नको होते. पण ते मत त्यांनाही मिळालं नाही. आमच्या टाउनहॉलमध्ये अशा तेवीस निघाल्या. काहींनी एकच रेघ मारली होती, काहींनी कागद फाटेपर्यंत. सगळ्या गावांत मिळून शंभराच्या वर, असं मस्यू ब्रुनेलच्या माणसाने मोजलं. आई, एक्काहत्तरने हरलो.

मस्यू ब्रुनेल माझ्याजवळ आले आणि म्हणाले की पुन्हा छापायची वेळ आली तर हेच नाव छापेन. मागे पार्टीतला एक जण हळूच दुसऱ्याला म्हणाला की दुसरं नाव असतं तर सीट वाचली असती. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

आणि एक सांगायचं आहे. मे महिन्यात कोणीतरी माझं नाव ब्लेडने कापलेलं पत्रक आमच्या बॉक्समध्ये टाकलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. ते एकच होतं, ते मी विसरले असते. पण या तेवीस चिठ्ठ्या माझ्या गावातल्या लोकांच्या आहेत. मी त्यांच्या मुलांना शिकवते. कुठल्या घरातल्या आहेत ते मला कधीच कळणार नाही. सोमवारी मी शाळेच्या गेटपर्यंत गेले आणि पाच मिनिटं आत जाऊ शकले नाही.

तू म्हणाली होतीस ते खरं झालं. तुझं ऐकायला पाहिजे होतं?

मला लिही. फोन नको, पत्र लिही.
तुझी,
चैत्राली


॥ श्री ॥
हॅरो, २४ जून २००२

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. लाल पेन शोधलंसुद्धा नाही.

तू विचारतेस की माझं ऐकायला हवं होतं का. नाही. अजिबात नाही. आणि मी कोण आहे तुला सांगणारी, ते आता ऐक. सोबत मामाच्या पत्राची झेरॉक्स पाठवते आहे, त्याला विचारून. ते आधी वाच, म्हणजे कळेल की मी तुला जन्मभर जे शिकवलं ते मुळातच चुकीचं होतं.

आता माझं. चैत्राली, मी नवस बोलले होते. तू निवडून यावीस म्हणून नाही, तू पडावीस म्हणून. दणकून पडावीस म्हणून. मे महिन्यात, तू फॉर्म भरल्यावर. तुला काही होऊ नये एवढंच डोक्यात होतं, भीतीने आंधळी झाले होते. नंतर मागे घ्यायला गेले, तेही अर्ध्या मनाने. मग तुझं पत्र आलं आणि त्या तेवीस चिठ्ठ्या वाचल्या. तू बेकरीत, शाळेत, बाजारात तोंडं न्याहाळते आहेस ना, कुणी खोडलं म्हणून? त्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे तुझी आई उभी होती. त्यांनी रागाने खोडलं असेल, मी मायेने खोडलं, पण रेघ तीच. मला हे लिहिताना लाज वाटते, आणि न लिहिता राहवत नाही.

न सांगता निभावलं असतं असंही नाही. नवसात मी म्हटलं होतं की तुझ्याच हातून देवीची ओटी भरीन. तो आता फेडावा लागेल, आणि कशाबद्दल ते तुझ्यापासून लपवून तुझ्या हातात नारळ कसा देऊ? तू येणार नाही म्हणालीस तर मी समजेन. देवीची समजूत मी काढीन, माझी तीस वर्षांची ओळख आहे.

एक मागते. तुझं नाव छापलेली, कुणी न खोडलेली एक चिठ्ठी उरली असेल तर पाठव. मला ती हवी आहे.

रागाने का होईना, पण लिही.
तुझी,
आई


३ जुलै २००२

ती. आईला,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस तुझ्यावर खूप रागावले. तनूला वाटलं तिच्यावर. चौथ्या दिवशी ऑलिव्हिएला सगळं समजावून सांगितलं, तर तो म्हणाला की एका चांदीच्या देवीकडून आईने अख्खी गव्हर्निंग पार्टी पाडली, पुढच्या वेळी तिला आमच्या बाजूने घ्या. मग मला हसू आलं. हसता हसता रडू पण आलं.

मामाचं पत्र मी दोनदा वाचलं. मग शाळेत गेले. गेटवर थांबले नाही. बेकरीतल्या त्या बाईने मला बघितलं, या वेळी नजर खाली केली नाही, गुडमॉर्निंग म्हणाली. का ते माहीत नाही. भीती अजून आहे. ती भीती, तो नाही. बघ, बरोबर लिहिलं.

चिठ्ठी सोबत आहे. घडी मी घातली आहे, तेवढीच खूण.

वीस तारखेला तनूला घेऊन येते. खण तुझ्याकडे असेल, नारळ वील्डस्टोनच्या दुकानातला आण, मागच्या वेळी दुसरीकडचा नासका निघाला होता. ओटी मी भरीन. तुझा नवस फेडीन. पण मग मीही देवीला एक गोष्ट मागणार आहे. २००७ मध्ये आमच्या टाउनहॉलची इलेक्शन आहे, एवढंच सांगते. काय मागितलं ते तुला सांगणार नाही. आणि त्या वेळी तू स्वयंपाकघरात थांबायचं नाही.

या पत्रात चुका सापडल्या तर लाल पेन काढ, चालेल. ते खोडणं वेगळं आहे, मला माहीत आहे.

येईपर्यंत जप स्वतःला.
तुझी,
चैत्राली खांबेटे